तांदळातलं नाव

ही सगळी हकीकत नावांची आहे आणि हिच्यात मला एकही नाव देता येत नाही. काय करणार! जिची ही हकीकत, तिच्या नावावरच तिचा जीव टांगलेला होता, म्हणून तिचं तर नाहीच. आणि तिचं नाही म्हटल्यावर माझं नि माझ्या सासरच्यांचं देऊन तरी कुणाचं काय भलं होणार आहे?

पुण्यात मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळत होते. अकरा वर्षं. लोक येऊन विचारायचे आणि मी शोधून द्यायची, एवढंच काम; पण मला ते मनापासून आवडायचं. नवऱ्याला डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि आम्ही विमानतळाजवळ स्वोर्ड्सला राहायला आलो. इथल्या ग्रंथालयांनी माझे अर्ज अतिशय सभ्यपणे नाकारले. नकारसुद्धा इतका गोड, की दोनदा वाचल्यावर कळायचं, 'नाही' म्हणाले आहेत ते. मग २०२० साली लॉकडाऊन लागला आणि मी घरी बसले. घरी म्हणजे नवरा, मी आणि माझ्या सासूबाई. त्या अकोल्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमानं बंद झाली नि त्या इथंच अडकल्या. तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक आयरिश बाई राहतात. त्या सॉलिसिटर आहेत आणि त्यांचं ऑफिस ड्रोहेडाला आहे. परदेशातून जीव वाचवून आलेले लोक इथं आश्रय मागतात, त्यांचे अर्ज त्या लढवतात. मी त्यांना मनात वकीलबाई म्हणते, इथंही तेच म्हणेन. ऑफिस बंद असल्यामुळे त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काम करायच्या. दर बुधवारी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना आमची गाठ पडायची. दोघी दोन मीटरवर उभ्या राहून हवेबद्दल बोलायचो. एकदा त्यांनी विचारलं, तुम्ही तिकडे काय काम करायचात? मी सांगितलं. त्या डबा तिथंच सोडून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही गोष्टी शोधून काढता? आणि कुठून काढल्या ते लिहून ठेवता?"

"ते नाही लिहिलं तर त्याला शोधणं म्हणत नाहीत," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाबद्दल विचारत होतं, फणकारा येणारच.

अशी मी त्यांच्याकडे विनामोबदला कामाला लागले. गुप्ततेच्या कागदावर सही केली. काम सांगायला सोपं होतं. कुणी म्हणतं, मी परत गेलो तर मला मारतील. मग वकिलाला दाखवावं लागतं, की त्या गावात, तसल्या माणसाच्या बाबतीत असं खरोखर घडतं. त्यासाठी अहवाल, वर्तमानपत्रं, संशोधकांचे लेख, कोर्टाचे निकाल सगळं धुंडाळायचं, प्रत्येक वाक्याला आधार द्यायचा आणि आपल्या विरोधात जाणारं सापडलं तर तेही मांडायचं. लपवायचं काही नाही. वकीलबाईंनी हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि मला ते ऐकून हायसं वाटलं होतं. मला वाटलं होतं, वकिलाकडे काम म्हणजे सोयीचं तेवढं शोधायला सांगतील.

पहिली दोन प्रकरणं किरकोळ होती. तिसरं या बाईचं.

ती पाकिस्तानातल्या सिंधमधली. हिंदू, विधवा, एका छोट्या गावातल्या शाळेत शिक्षिका. शाळेच्या फाटकासमोरून तिच्या वर्गातल्या एका मुलीला गावातल्या बड्या जमीनदाराच्या माणसांनी उचलून नेलं. हिनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि पोलिसांत जाऊन सांगितलं. बाकी कुणी गेलं नाही. तिथल्या एका सिंधी वर्तमानपत्रात बातमी आली, साक्ष देणाऱ्या मास्तरणीच्या नावासकट. त्यानंतर घरात चिठ्ठ्या पडायला लागल्या. मग एक दिवस माणसंच आली. ही मागच्या दारानं निघाली ती थेट इथवर पोचली. तिची दहा वर्षांची मुलगी मात्र दुसऱ्या शहरात तिच्या बहिणीकडे राहिली. अर्ज मंजूर झाला तर मुलीला इकडे बोलावता येणार होतं. पहिल्या फेरीत तो नामंजूर झाला होता. आता अपील होतं, आणि अपीलही गेलं तर परत जा म्हणून कागद येणार होता.

मला वकीलबाईंनी तीन प्रश्न दिले. साक्षीदारांचं तिथं काय होतं, पोलीस संरक्षण देतात का, आणि जमीनदाराचा हात कुठवर पोचतो. सोबत चारपाच कागद दिले: पोलीस तक्रारीची प्रत, वर्तमानपत्राचं कात्रण, एक चिठ्ठी, सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं. नकाराचं पत्र मला दिलं नव्हतं. "त्यांचा तिच्यावर विश्वास का बसला नाही, ती माझी डोकेदुखी," त्या म्हणाल्या. "तुम्ही देशाकडे बघा."

मी महिनाभर देशाकडे बघितलं. तीस पानांचं टिपण झालं, तळटिपांसकट. शेवटी कागदपत्रांची सूची जोडली, अगदी ग्रंथालयाच्या शिस्तीत. वकीलबाई म्हणाल्या, "ग्रँड." इथले लोक कशालाही ग्रँड म्हणतात, चहा ग्रँड, पाऊस थांबला तर ग्रँड, पाय मोडून प्लास्टरमध्ये असला तरी ग्रँड. पण मी तो शब्द जसाच्या तसा घेतला आणि दोन दिवस घरात ताठ मानेनं फिरले.

नोव्हेंबरात सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्या. इथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "रंगच येगळा हाय तिचा, मी नाई घेत," म्हणून बसल्या. शेवटी अकोल्याहून त्यांच्या बहिणीनं पार्सल पाठवलं. गोळ्या, सोबत मेतकूट नि सांडगे. पार्सलवर माझं नाव घातलं. माझं म्हणजे सासरचं.

हे जरा सांगायला हवं. लग्नात आमच्याकडे नवरीचं पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, सगळे वाकून वाचतात, पेढे वाटतात. मला ते मुळीच नको होतं. मी तेव्हा भांडले होते. पण मांडवात किती भांडणार? लिहिलं त्यानं. मग मी एक केलं, कागदावर ते नाव कधी येऊ दिलं नाही. पासपोर्ट, नोकरी, बँक सगळीकडे माझं माहेरचंच नाव राहिलं. सासरच्या नावानं हाक मारणारी माणसं दोनच, सासूबाई आणि अकोल्याच्या मावशी. सासरी आधी नाव ठेवतात आणि मग जन्मभर नावं ठेवतात, असं मी नवऱ्याला चिडवते. तो हसतो, कारण त्याला दुसरं काही सुचत नाही.

तर पार्सल आलं तेव्हा मी आंघोळीला गेले होते. नवरा कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. तसाच उठून दार उघडायला गेला. पोस्टमननं त्याच्या उच्चारात नाव वाचलं. नवरा म्हणाला, अशी कोणी इथं राहत नाही. आणि दार लावून परत मीटिंगला बसला.

दुपारी हा उलगडा झाला तेव्हा सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "काऊन रे! तुह्याच हातानं लिवलं ना तांदळात? सोन्याच्या अंगठीनं लिवलं! अन् आता म्हनतं, अशी कोनी राहतच नाई! बायको हाय का कोन हाय ते तुही?"

"अगं आई, तो असं काहीतरी म्हणाला, मला वाटलं शेजारच्या पोलिश बाईचं असेल."

"पोलिश बाईले सांडगे कोन पाठवते बापा?"

मी हसून हसून खुर्चीत बसले. पण गोळ्या तीन दिवसांच्याच उरल्या होत्या, त्यामुळे हसणं आवरून दुसऱ्या दिवशी मी पार्सल सोडवायला पोस्टात गेले. खिडकीत काचेपलीकडे मास्क लावलेला एक म्हातारा होता. मी पत्ता सांगितला, त्यानं पार्सल आणलं, माझा पासपोर्ट बघितला आणि म्हणाला, "मग ही कोण?"

"मीच."

"पण हे नाव तुमचं नाही."

"आहे ना. तेही माझंच आहे."

"त्या नावाचं काही दाखवाल? बिल, कार्ड, काहीही?"

काहीही नव्हतं. इतकी वर्षं मीच कटाक्षानं काही होऊ दिलं नव्हतं. म्हातारा वाईट नव्हता. उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, "बाईसाहेब, मग तुम्ही आणि ही एकच, हे मला कळायचं कसं?"

शेवटी पत्ता जुळतो आणि पार्सलवरचा फोन नंबर माझाच निघाला म्हणून त्यानं पार्सल दिलं. मी ते काखेत मारून बाहेर पडले, दहा पावलं चालले, आणि भर रस्त्यात थांबले.

पोलीस तक्रारीत त्या मास्तरणीचं एक नाव होतं. वर्तमानपत्रात दुसरं.

आणि मला ते खटकलंच नव्हतं! महिनाभर दोन्ही कागद माझ्या समोर होते. तक्रारीत ओळखपत्रावरचं नाव, म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं, म्हणजे माहेरचं. बातमीत गाव जिला ओळखतं ते नाव, सासरचं. चिठ्ठीतही तेच. मी वाचलं, मनातल्या मनात जुळवलं आणि पुढे गेले. कुठल्याही मराठी बाईनं हेच केलं असतं. आपल्या आयांच्या रेशनकार्डावर एक नाव नि ट्रंकेवर दुसरं असतंच की. आम्हाला त्यात विचारण्यासारखं काय दिसणार?

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता मी लॅपटॉप उघडला. सूचीत माझ्याच हातची नोंद होती. बातमीतल्या नावापुढे मी लिहिलं होतं 'पाहा', आणि पुढे तक्रारीतलं नाव. ग्रंथालयात आम्ही असंच करतो. एकाच माणसाची दोन नावं असली की एकावरून दुसरीकडे पाठवायचं. दोन नावं एकाच बाईची आहेत हे मी ठरवून टाकलं होतं, आणि कशावरून ठरवलं, ते तीस पानांत कुठेही लिहिलं नव्हतं. आधाराशिवाय एक वाक्य लिहीत नाही म्हणून मिरवणारी मी! मला माझा असा राग आला की मी स्वतःला मोठ्यानं गाढव म्हटलं. आतून सासूबाईंनी विचारलं, कोनाले म्हनतं वं?

मी वकीलबाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "पहिलं नाव बदलतात? आडनाव नाही, पहिलं?"

"पहिलं. लग्नात. माझंही बदललंय."

"कुणी?"

"नवऱ्यानं. तांदळात लिहून."

मग त्यांनी मला नकाराच्या पत्रातलं मुख्य वाक्य वाचून दाखवलं. त्याचा मतलब असा होता, की तक्रार देणारी बाई आणि बातमीतली, चिठ्ठीतली बाई या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात; दुसरीला धोका असेल, पण अर्जदार ती आहे असं वाटत नाही. मुलाखतीत तिला विचारलं होतं, ही दोन नावं कशी? ती म्हणाली होती, दोन्ही माझीच आहेत. बस्स, एवढंच. तिलासुद्धा पुढे काही सांगायचं सुचलं नाही, कारण तिलाही त्यात सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं. वकीलबाई समजत होत्या की ते टोपणनाव असावं, आणि टोपणनाव कसं सिद्ध करायचं या विवंचनेत होत्या. तीन बायका; एकीला ही गोष्ट ठाऊकच नाही, आणि दोघींना इतकी ठाऊक की सांगावीशी वाटली नाही. डोक्याला हात लावायची वेळ.

"तुम्हाला माहीत आहे, हे पुरेसं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही मराठी, ती सिंधी. मला तिथला पुरावा हवा. कागद दाखल करायला नऊ दिवस आहेत."

ते त्यांनी बरोबरच सांगितलं. मला माहीत आहे म्हणून खरं, असं मी पुण्यात कुणा विद्यार्थ्याला बोलू दिलं नसतं.

पहिले दोन दिवस काही हाती लागेना. अहवाल लिहिणाऱ्यांनाही ही गोष्ट नोंदवावीशी वाटलेली नव्हती. लग्नाच्या प्रथांवर लेख ढीगभर, पण मेंदी नि हळदीच्या पुढे कुणी जात नव्हतं. मग मला पुण्यातली माझी जुनी सहकारी आठवली. ती पिंपरीची, सिंधी. मी फोन करून विचारलं, तुमच्यात लग्नात नाव बदलतात का गं? ती म्हणाली, "म्हणजे काय! मलाच तीन आहेत, लाडाचं धरून." तिची आजी त्याच भागातून आली होती. तिनं मला एका जुन्या मानववंशशास्त्राच्या लेखाचा धागा दिला. तो धागा धरून मी दुसरा, अलीकडचा लेख काढला, सिंधमध्ये राहिलेल्या हिंदू कुटुंबांवरचा. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: लग्नात वधूला नवं पहिलं नाव देतात, सरकारी कागद मात्र बऱ्याचदा जुन्याच नावावर राहतात. ते वाक्य वाचून मी खुर्चीवरून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना मिठी मारली. त्या भाकरी थापत होत्या. "पीठ लागन ना," म्हणाल्या, पण खूश झाल्या.

तरी हे झालं समाजाबद्दल. या बाईचं काय? वकीलबाईंनी तिला आणि मला फोनवर जोडून दिलं. त्या स्वतःही फोनवर थांबल्या. आम्ही हिंदीत बोललो, तिची हिंदी उर्दूकडे झुकणारी, माझी सदाशिव पेठेकडे. ती मला 'अदी' म्हणायला लागली. अदी म्हणजे ताई. मी विचारलं, लग्नाचा काही कागद आहे का? ती म्हणाली, पंचायतीचा दाखला आहे, वकीलबाईंना केव्हाच दिलाय.

वकीलबाई जरा चाचरल्या. दाखला होता, पण त्यांनी बाजूला ठेवला होता. कारण इंग्रजी भाषांतरात वधूचं नाव भलतंच लांबलचक होतं. आधी बातमीतलं नाव, मग 'पेके' असा एक शब्द, मग तक्रारीतलं. "आधीच दोन नावं, त्यात हे तिसरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे दाखवलं तर उरलासुरला विश्वासही जाईल."

मी तिला विचारलं, "हे पेके काय आहे? आडनाव आहे का?"

ती पहिल्यांदाच हसली. "अदी, पेके मतलब बाप का घर. जहाँ से लड़की आती है."

माहेर! भाषांतर करणाऱ्यानं माहेर हा शब्द नावात कोंबला होता. दाखल्यावर सरळ लिहिलं होतं, वधू अमुक, माहेरची तमुक. दोन्ही नावं, एका ओळीत, एका शिक्क्याखाली, ती देश सोडायच्या कितीतरी वर्षं आधी. मी जवळजवळ ओरडलेच. वकीलबाईंना काय झालं ते कळेना, म्हणून मी इंग्रजीत सांगितलं, आणि मग त्यांनी जे काही शब्द उच्चारले ते सभ्य बाईनं लिहू नयेत. ते आनंदाचे होते एवढंच सांगते.

दुसऱ्या भाषांतरकाराकडून दाखल्याचं नवं भाषांतर करून घेतलं. मी प्रथेवर चार पानं लिहिली. त्यात एक परिच्छेद असाही लिहिला, की सगळी कुटुंबं असं करत नाहीत आणि शहरांतून ही पद्धत कमी होते आहे. वकीलबाईंनी त्या परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, हे हवंच का? मी म्हटलं, लपवायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "हो, सांगितलं होतं खरं," आणि तो ठेवला. सूचीतली माझी नोंदही मी बदलली. 'पाहा'च्या पुढे, कशावरून, ते लिहिलं.

सुनावणी मार्चमध्ये व्हिडिओवर झाली. ती, आश्रय मागणाऱ्यांना सरकार जिथं ठेवतं त्या केंद्रातून, बसनं ड्रोहेडाला आली, वकीलबाईंच्या ऑफिसात बसली. मला अर्थातच तिथं जागा नव्हती. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. "अदी, नाव विचारलं तर कुठलं सांगू?" मला तिला काही पढवायची मुभा नव्हती आणि मी पढवलंही नाही. वकीलबाईंना विचार, म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मला भरून आलं. तिशी ओलांडलेली, पोरांना शिकवणारी बाई, तिला स्वतःचं नाव सांगायची धास्ती वाटावी!

नंतर वकीलबाईंनी सांगितलं, की निर्णय देणाऱ्या गृहस्थांनी अगदी तेच विचारलं: सगळ्याच कुटुंबांत असं करतात का? आणि वकीलबाईंनी माझा तो परिच्छेद उघडून दाखवला. त्यांनी तो वाचला, मान हलवली, आणि मग बाकीची पानं पहिल्यापासून सावकाश चाळली. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की मी वकीलबाईंना ते दोनदा सांगायला लावलं.

मग नुसती वाट बघणं. एप्रिल गेला, मे गेला. माझी चिडचिड व्हायला लागली. नवऱ्यानं चहात साखर जास्त घातली तरी मी भांडायची. सासूबाईंना मी प्रकरणातलं काही सांगितलेलं नव्हतं, एका बाईचं काम अडलंय एवढंच त्यांना ठाऊक. त्या रोज सकाळी देवाला दिवा लावला की विचारायच्या, "झालं काय वं त्या बाईचं?" मी मान हलवायची. मग त्या देवाकडे अशा बघायच्या, की जणू त्याचंच चुकलंय.

जूनमधल्या एका बुधवारी मी डबा बाहेर काढत होते. वकीलबाई त्यांच्या दारातून जवळजवळ पळतच आल्या, पायांत घरातल्या सपाता. दोन मीटरची मर्यादा विसरून त्यांनी माझा हात धरला. त्यांना धाप लागली होती. "मंजूर," त्या म्हणाल्या. "दोन्ही नावं तिचीच आहेत असं म्हटलंय. धोका खरा आहे असं म्हटलंय. ती राहणार."

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. लाजबीज काही वाटली नाही. छातीवर महिनोन्महिने बसलेलं काहीतरी उठून गेलं. ते इतकं जड होतं हे मला ते उठल्यावर कळलं. सासूबाई दारात आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आल्या.

संध्याकाळी तिचा फोन आला. इथं जूनमध्ये संध्याकाळीही उजेड भर दुपारचाच. ती म्हणाली, मुलीला सांगितलं. वकीलबाईंनी समजावलंय, तिचा अर्ज वेगळा करावा लागेल, वेळ लागेल, पण मुलीचा हक्क आहे. आजवर ती मुलीला काही सांगत नव्हती. फोनवर अभ्यास विचारायची, जेवलीस का विचारायची, आणि ठेवून द्यायची.

"रडली का ती?" मी विचारलं.

"नाही, अदी. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, अम्मा, तिकडे स्वेटर लागतो का? मी म्हटलं, हो. दोन लागतील."

"तीन सांग," मी म्हटलं. "मी आत्ता घालूनच बसलेय."